लिव्हर परत वाढतं तेव्हा पेशींना एनर्जी कुठून मिळते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिव्हरचं ऑपरेशन झालेल्यांच्या घरचे, लिव्हर डोनेट करायचा विचार करणारे आणि बायोकेमिस्ट्रीच्या परीक्षेला बसलेली पोरं, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. यातली बरीचशी माहिती उंदरांवरच्या प्रयोगांतून आलीये, माणसांचं जिथे माहितीये तिथे तसं सांगितलंय. औषधपाण्याचा निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांचाच, हे वाचून घरी काही सुरू किंवा बंद करू नका.

लिव्हर परत वाढतं म्हणजे कापलेला तुकडा परत उगवतो का?

नाही. कापलेला लोब (लिव्हरचा भाग) गेला तो गेलाच, तो परत येत नाही. उरलेले लोब फुगतात, त्यातल्या पेशी मोठ्या होतात आणि डिव्हाइड होतात, आणि एकूण वजन जवळजवळ आधीइतकं होतं. आकार पहिल्यासारखा दिसत नाही पण काम तेवढंच करतं. यावर सगळ्यात जास्त वापरला गेलेला प्रयोग हिगिन्स आणि अँडरसन या दोघांनी १९३१ मध्ये उंदरांवर केला, साधारण ७०% लिव्हर काढायचं आणि उरलेल्याचं काय होतं ते बघायचं. आजही लॅबमध्ये थोड्याफार फरकाने तेच मॉडेल चालतं. उंदरात साधारण ७ ते १० दिवसांत वजन भरून निघतं. माणसात वेळ लागतो, डोनरच्या बाबतीत पहिल्या आठवड्यात वाढ सगळ्यात जोरात असते आणि बरीचशी भर २-३ महिन्यांत पडते.

यात एनर्जीचा विषय कुठून आला? ग्रोथ फॅक्टर वगैरे असतात ना?

असतात की. आयएल-६, टीएनएफ हे सिग्नल देणारे प्रोटीन पेशींना झोपेतून उठवतात, मग एचजीएफ आणि ईजीएफच्या कुटुंबातली मंडळी त्यांना डिव्हाइड व्हायला लावतात, हे सगळं पुस्तकात असतं आणि बरोबरच आहे. पण सिग्नल आला म्हणून पेशी डिव्हाइड झाली असं होत नाही, डीएनएची पूर्ण कॉपी काढायची, प्रोटीन दुप्पट करायचं, नवीन मेंब्रेन बनवायचं, या सगळ्याला एटीपी, म्हणजे पेशीचं एनर्जीचं चलन, लागतं. आणि लिव्हरची खरी अडचण अशी की त्याला सुट्टी नाही. हार्टसारखं जोरजोरात धडधडत नसेल, पण शरीराच्या वजनाच्या जेमतेम २% असूनही विश्रांतीच्या वेळचा सुमारे २०% ऑक्सिजन हे एकटं वापरतं. अमोनियाचा युरिया करणं, साखर बनवणं, अल्ब्युमिन आणि रक्त गोठवणारे प्रोटीन तयार करणं, हे एक दिवस बंद ठेवून चालत नाही. राहत्या घरात बांधकाम काढावं तसला प्रकार आहे, भिंत पाडलीये पण स्वयंपाक थांबवता येत नाही.

ऑपरेशन झाल्या झाल्या पेशीच्या आत नक्की काय होतं?

हा भाग मला सगळ्यात भारी वाटतो म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लिव्हरला जवळपास ७५% रक्त पोर्टल व्हेनमधून म्हणजे आतड्याकडून येतं. दोन तृतीयांश लिव्हर काढलं तरी आतडं तेवढंच रक्त पाठवत राहतं, म्हणजे उरलेल्या प्रत्येक ग्रॅमवर अचानक तिप्पट रक्त, तिप्पट अमोनिया, तिप्पट लॅक्टेट (लॅक्टिक ॲसिड). आता हिशोब बघा: लॅक्टेटपासून एक ग्लुकोज बनवायला ६ एटीपीइतकी एनर्जी जाते (त्यातले दोन जीटीपी असतात, पण किंमत तीच), युरियाचा एक रेणू बनवायला ४ हाय एनर्जी बॉन्ड (म्हणजे ४ एटीपीइतकी एनर्जी) जातात, आणि प्रोटीनमध्ये एक एक अमिनो ॲसिड जोडायला पण साधारण ४ च. एकूण काम तेवढंच, कामगार एक तृतीयांश. साहजिकच एटीपीची पातळी पडते, आणि ती दिवसांनी नाही तर पहिल्या तासाभरातच पडते. जितकं जास्त लिव्हर काढलं तितकी जास्त पडते.

एटीपी कमी झालं की एडीपी (एक फॉस्फेट खर्च झालेलं एटीपी) वाढतं, आणि मग पेशी एक जुगाड करते: दोन एडीपी घेऊन त्यातून एक एटीपी आणि एक एएमपी (दोन फॉस्फेट गेलेलं) बनवते. एटीपी थोडं मिळालं पण एएमपी साचायला लागलं. एएमपी एरवी इतकं कमी असतं की थोडंसं वाढलं तरी लगेच कळतं, आणि ते ओळखणारं एन्झाइम म्हणजे एएमपीके. एएमपीके चालू झालं की ते फॅट बनवायचं काम थांबवतं, त्यामुळे मॅलोनिल-कोए (फॅट बनवतानाचा मधला पदार्थ) कमी होतं, आणि मॅलोनिल-कोए हेच माइटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या एनर्जीच्या कारखान्यांच्या) दारावरच्या सीपीटी-१ या एन्झाइमला अडवून ठेवत असतं. ते गेलं की दार उघडलं, फॅटी ॲसिड आत, आणि जाळायला सुरुवात.

थोडक्यात काय तर एनर्जी कमी पडणं ही नुसती अडचण नाहीये, पेशीला इंधन बदलायला लावणारी खबर पण तीच आहे. हा मुद्दा डोक्यात ठेवा, खालचे निम्मे प्रश्न याच्यावरच आहेत.

मग भरपूर ग्लुकोज दिलं तर लिव्हर फास्ट वाढेल ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि उत्तर लोकांना आवडत नाही. प्राण्यांमध्ये उलटं होतं. उंदरांचं ७०% लिव्हर काढून त्यांना जास्तीचं ग्लुकोज दिलं तर पेशी डिव्हाइड व्हायचं प्रमाण कमी होतं. २००९ साली आलेल्या एका अभ्यासात याचं कारण पण शोधलं होतं, ग्लुकोज दिलेल्या उंदरांच्या लिव्हरमध्ये पी-२१ आणि पी-२७ हे पेशीचं चक्र रोखणारे प्रोटीन वाढलेले होते. म्हणजे ऑपरेशननंतर रक्तातली साखर थोडी घसरणं, त्यामुळे शरीरातल्या चरबीतून फॅटी ॲसिड सुटणं, आणि ते लिव्हरकडे येणं ही एक साखळी आहे आणि साखर ओतली की ती साखळी सुरुवातीलाच तुटते.

पण थांबा, एवढ्यावरून "साखर वाईट" असं लिहून मोकळे होऊ नका, कारण याच्या उलट उदाहरण पण आहे. केव्हिओलिन-१ नावाचं प्रोटीन नसलेले उंदीर होते, त्यांना लिव्हरमध्ये फॅटचे थेंब नीट साठवता येत नव्हते, ऑपरेशननंतर त्यांची वाढ नीट झाली नाही आणि बरेच दगावले. त्यांना ग्लुकोज दिल्यावर मात्र ते तरले. हे २००६ मध्ये सायन्स या जर्नलमध्ये आलं होतं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने म्हटलं की आमचे केव्हिओलिन नसलेले उंदीर तर व्यवस्थित रिकव्हर होतात. असो, शास्त्रज्ञांची भांडणं अशीच असतात. माझ्या मते पहिल्या प्रयोगातून घ्यायची गोष्ट एवढीच की फॅटचा रस्ताच बंद असेल तर साखर जीव वाचवू शकते, रस्ता चालू असताना ती मध्ये येते.

आणि महत्त्वाचं: पेशंटची शुगर खरंच घसरली तर हॉस्पिटलमध्ये ग्लुकोज लावतातच आणि लावायलाच पाहिजे, शुगर फार खाली गेली तर मेंदूला धोका असतो. उंदराचा पेपर दाखवून नर्सशी वाद घालू नका प्लीज.

ऑपरेशननंतर उरलेल्या लिव्हरमध्ये फॅट दिसतं असं वाचलं. म्हणजे फॅटी लिव्हर झालं का?

नाही, हे वेगळं. उंदरांमध्ये पहिल्या दिवसभरातच पेशींमध्ये फॅटचे बारीक बारीक थेंब जमतात, दोनतीन दिवसांत कमी व्हायला लागतात आणि नंतर जातात. मायक्रोस्कोपखाली बघितलं तर फरक कळतो, यात थेंब छोटे छोटे आणि भरपूर असतात आणि न्यूक्लिअस मध्येच असतं, तर नेहमीच्या फॅटी लिव्हरमध्ये बऱ्याचदा एकच मोठा गोळा असतो आणि न्यूक्लिअस कोपऱ्यात दाबलं गेलेलं असतं.

हे फॅट बहुतेक बाहेरून, शरीरातल्या चरबीतून आलेलं असतं. ते गरजेचं आहे की नुसतंच येऊन पडतं यावर दोन मतं आहेत. काही प्रयोगांत लेप्टिन (चरबीतून सुटणारं हार्मोन) किंवा क्लोफायब्रेट (रक्तातलं फॅट कमी करणारं औषध) देऊन ते जमू दिलं नाही तर रिजनरेशन, म्हणजे लिव्हर परत वाढणं, बिघडलं. दुसऱ्या काही प्रयोगांत फॅट फारसं जमलं नाही तरी लिव्हर नीट वाढलं. मला वाटतं थेंब किती दिसतात याला फार अर्थ नाही, ते जाळले जातायत का हे बघायला पाहिजे, फोटोत दिसतो तो साठा, त्यातून काय वाहतंय ते दिसत नाही.

फॅटमधून एवढी एनर्जी मिळते का खरंच?

मिळते. १६ कार्बनचं एक पामिटेट (एक नेहमीचं फॅटी ॲसिड) पूर्ण जाळलं तर निव्वळ १०६ एटीपी, एका ग्लुकोजमधून ३०-३२. बीटा ऑक्सिडेशनमध्ये (फॅटी ॲसिडचे दोन-दोन कार्बन तोडत जाणं) पामिटेटचे सात फेरे होतात आणि ८ ॲसिटिल-कोए (दोन कार्बनचे तुकडे) निघतात, परीक्षेवाल्यांनी हे पाठच करा. शिवाय फॅट हे ग्लायकोजेनसारखं (साठवलेल्या साखरेसारखं) पाणी धरून बसत नाही त्यामुळे छोट्या जागेत जास्त मावतं. तोटा एकच, हे सगळं माइटोकॉन्ड्रियातच होतं आणि ऑक्सिजनशिवाय होत नाही. ग्लुकोजचं थोडंफार तरी ऑक्सिजनशिवाय निभावतं, फॅटचं अजिबात नाही.

माइटोकॉन्ड्रिया खराब असतील तर काय होतं?

लिव्हरच्या एका पेशीत साधारण १००० ते २००० माइटोकॉन्ड्रिया असतात, त्यामुळे थोडे बिघडले तरी एरवी कळत पण नाही. डिव्हाइड व्हायची वेळ आली की उघडं पडतं.

२०२४ मध्ये सायन्समध्येच यावर एक फार सुंदर काम आलं. ज्या पेशींची इलेक्ट्रॉन ट्रान्सपोर्ट चेन (माइटोकॉन्ड्रियातली एटीपी बनवायला लागणारी यंत्रणा) बिघडलेली होती त्या रिजनरेशनच्या वेळी डिव्हाइड होत नव्हत्या. तुम्ही म्हणाल एटीपी नसेल. पण त्यांनी दाखवलं की अडलं होतं ते ॲसिटिल-कोएवर, बाहेरून आलेल्या फॅटी ॲसिडपासून बीटा ऑक्सिडेशन करून ते बनवता येत नव्हतं, आणि पायरुव्हेट (ग्लुकोज मोडून मिळणारं) किंवा ॲसिटेटपासून बनवायचे जे दुसरे रस्ते असतात ते पण त्या पेशींमध्ये दाबले गेले होते. पायरुव्हेटचा रस्ता मुद्दाम मोकळा करून दिल्यावर त्याच बिघडलेल्या पेशी डिव्हाइड व्हायला लागल्या! म्हणजे पेशीला दुसरं इंधन वापरता येत नाही हा वरकरणी दोष, पण त्यामुळेच खराब माइटोकॉन्ड्रिया असलेल्या पेशी मागे पडतात आणि नवीन लिव्हर चांगल्या पेशींपासून बनतं. चाळणीच आहे ती एक प्रकारची. आणि ॲसिटिल-कोए म्हणजे नुसतं इंधन नाही हे पण लक्षात घ्या, त्यापासून लिपिड बनतात आणि डीएनए ज्या हिस्टोनवर गुंडाळलेला असतो त्यांच्यावर ॲसिटिल ग्रुप लावायला पण तेच लागतं, मग कुठले जीन चालू राहणार हे पण थोडंफार त्याच्यावर ठरतं.

फॅट एवढं कामाचं असेल तर आधीपासून फॅटी लिव्हर असणाऱ्यांना फायदाच की!

लॉजिक कळलं, पण नाही. लठ्ठ उंदरांमध्ये, म्हणजे लेप्टिनचा जीन किंवा त्याचा रिसेप्टर बिघडलेल्या जातींमध्ये, रिजनरेशन स्पष्टपणे मंद असतं. जुन्या फॅटी लिव्हरमध्ये फॅट पडून आहे कारण आवक जास्त आणि जाळायची क्षमता थकलेली, त्यात माइटोकॉन्ड्रियावर आधीच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, वर इन्सुलिन रेझिस्टन्स. त्यातच ऑपरेशनचा धक्का बसला की एटीपी पडतं ते लवकर वर येत नाही. म्हणूनच डोनर निवडताना मोठ्या थेंबांचं फॅट ३०% च्या वर असेल तर बहुतेक टीम मागे सरतात किंवा आधी वजन कमी करायला सांगतात. चांगली गोष्ट अशी की डोनरने काही आठवडे खरंच वजन कमी केलं तर हे फॅट बऱ्यापैकी उतरतं.

एएमपीके ब्रेक आणि एमटॉर (पेशीला वाढायला लावणारं एन्झाइम) ॲक्सिलरेटर असं शिकवलं होतं, मग दोन्ही एकदम कसे लागतात?

एकदम नाही लागत, पुढेमागे लागतात आणि कमीजास्त होत राहतात. सुरुवातीला एनर्जी घसरलेली असताना इंधन मिळवणं महत्त्वाचं, नंतर प्रोटीन बनवायला एमटॉर लागतंच, रॅपामायसिन देऊन एमटॉर बंद केलं तर उंदरांमध्ये वाढ मंदावते. पाठ्यपुस्तकात एएमपीकेकडून एमटॉरकडे काढलेला बाण दोन्ही दिशांना काढला तरी चालेल असं माझं मत.

सगळ्या पेशी एकाच वेळी डिव्हाइड होतात का?

नाही, आणि झाल्या असत्या तर माणूस वाचला नसता. मोठ्या उंदरात (रॅट) डीएनए बनण्याचा सगळ्यात जोराचा काळ साधारण २४ तासांनी येतो, छोट्या उंदरात (माउस) ३६ ते ४८ तासांनी. पण त्यातही एका एका पेशीचं आरएनए वाचून बघितलं तर दिसतं की काही पेशी डिव्हाइड व्हायच्या मागे लागलेल्या असतात आणि मेटाबॉलिझमचे जीन त्यांनी खाली आणलेले असतात, तर बाकीच्या पेशी रोजचं काम उलट जास्तीचं अंगावर घेतात. म्हणजे एटीपी कशावर खर्च करायचं हे पेशींनी आपसात वाटून घेतलंय.

कमी तुकडा काढला तर गोष्टच वेगळी. ३०% च काढलं तर उंदरात पेशी नुसत्या मोठ्या होतात, डिव्हाइड फारशा होतच नाहीत. ७०% काढलं तर आधी मोठ्या होतात आणि मग डिव्हाइड होतात. स्वस्तात भागत असेल तर पेशी महागडा रस्ता घेत नाही.

दारूचा यात काय संबंध? ऑपरेशननंतर थोडी चालेल का?

नाही चालणार. इथे कारण अगदी एनर्जीचंच आहे. अल्कोहोल मोडताना दोन टप्पे आणि दोन्ही टप्प्यांत एनएडी (इंधन जाळताना इलेक्ट्रॉन वाहून नेणारं रसायन) वापरलं जाऊन एनएडीएच बनतं. एनएडीएच साचलं की बीटा ऑक्सिडेशन अडतं, फॅट जळायचं थांबतं, साखर बनवायचं कामही मंदावतं. म्हणजे ज्या इंधनावर सगळा डोलारा उभा आहे तेच बंद. बरेच दिवस अल्कोहोल दिलेल्या उंदरांमध्ये डीएनए बनायला उशीर होतो हे जुनं निरीक्षण आहे.

पॅरासिटामॉलचा ओव्हरडोस झाला तरी लिव्हर परत वाढतं म्हणे?

बऱ्याचदा वाढतं, पण वेळेत उपचार मिळाले तर. ओव्हरडोसमध्ये एनएपीक्यूआय नावाचा विषारी पदार्थ तयार होतो, ग्लुटाथायोन (विष निकामी करणारं पेशीतलं रसायन) संपलं की तो माइटोकॉन्ड्रियाच्या प्रोटीनला जाऊन चिकटतो आणि एटीपी कोसळतं. एन-ॲसिटिलसिस्टीन हे औषध लवकर दिलं की ग्लुटाथायोन भरून निघतं आणि माइटोकॉन्ड्रिया वाचतात. आजूबाजूला धडधाकट पेशी उरल्या तरच रिजनरेशन. पहिल्या दिवशी पेशंट ठीक दिसतो म्हणून घरी थांबू नका, ताबडतोब इमर्जन्सीत न्या.

डोनरचं फॉस्फेट का पडतं? रिपोर्टमध्ये लाल आलं म्हणून घाबरलो होतो.

घाबरायचं कारण नाही, जवळजवळ सगळ्यांचं पडतं, साधारण पहिल्या दोनतीन दिवसांत, आणि डॉक्टर गरजेप्रमाणे सलाईनमधून भरून देतात. आधी लोक म्हणायचे की नवीन पेशी एटीपी आणि डीएनए बनवायला फॉस्फेट ओढून घेतात म्हणून. ऐकायला किती पटतं ना. पण नंतर लघवी तपासल्यावर कळलं की किडनीच भरपूर फॉस्फेट बाहेर टाकतेय, म्हणजे मोठा वाटा तिकडचा आहे. भरून मात्र द्यावंच लागतं, फॉस्फेट नसेल तर एटीपी बनणार कशाचं, श्वासाचे स्नायूसुद्धा दमतात. एक गंमत म्हणजे ॲक्यूट लिव्हर फेल्युअरमध्ये फॉस्फेट पडणं हे बहुधा चांगलं लक्षण मानतात आणि चढत गेलं तर चिंता.

एनर्जीच्या बाजूने लिव्हर सावरतंय हे कशावरून कळतं?

पेशीतलं एटीपी कोणी रोज मोजत नाही. लॅक्टेट बघतात, उरलेलं लिव्हर नीट चालत असेल तर ते साफ होत जातं. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची टेस्ट) बघतात, कारण रक्त गोठवणारे प्रोटीन बनवणं खर्चिक काम आहे. बिलिरुबिन, शुगर, अमोनिया. सोनोग्राफीत आकार वाढलेला दिसला पण आयएनआर सुधरत नसेल तर डॉक्टर खूश होत नाहीत, आकार आणि काम या दोन गोष्टी एकत्र चालतातच असं नाही.

किती लिव्हर शिल्लक ठेवावं लागतं?

निरोगी असेल तर साधारण २०-२५%, बरीच केमो झालेली असेल तर ३०% च्या आसपास, सिरॉसिस असेल तर ४०%. ट्रान्सप्लांटमध्ये बसवलेल्या तुकड्याचं वजन पेशंटच्या वजनाच्या ०.८% तरी असावं असा ढोबळ नियम. याच्या खाली गेलं की उरलेल्या पेशींवरचा बोजा इतका होतो की रोजचं काम भागवण्यातच सगळं एटीपी संपतं आणि वाढायला काही उरतच नाही.

एनएडी वाढवणाऱ्या गोळ्या, लिव्हर टॉनिक, डिटॉक्स?

एनएडीचं बोलायचं तर उंदरांमध्ये पुरावा आहे, २०१७ च्या एका अभ्यासात निकोटिनामाइड रायबोसाइड (यापासून शरीर एनएडी बनवतं) पाण्यातून दिल्यावर रिजनरेशन सुधारलं, आणि लिव्हरमधून एनएडी बनवणारं एन्झाइम काढून टाकलं तर बिघडलं. पण उंदराच्या पाण्याच्या बाटलीपासून ऑपरेशन झालेल्या माणसापर्यंत लांबचा पल्ला आहे, मी तरी यावर पैसे घालवणार नाही. टॉनिक आणि डिटॉक्सबद्दल एवढंच सांगेन की काही हर्बल गोष्टींनी धडधाकट माणसाचंही लिव्हर बिघडल्याच्या केसेस आहेत, तेव्हा अर्धं लिव्हर असताना तर हातच लावू नका.

मग ऑपरेशननंतर उपाशी राहिलं तर फॅट जास्त जळेल?

नको. चरबीतून फॅटी ॲसिड सुटायची व्यवस्था शरीर स्वतः करतं, त्यासाठी वेगळा उपास लागत नाही. नवीन पेशींना अमिनो ॲसिड लागतात आणि खायला मिळालं नाही तर ते स्नायूंतून काढले जातात, मग पेशंट खंगतो. पुरेसं प्रोटीन, थोडं थोडं करून दिवसातून बऱ्याचदा खाणं, असंच बहुतेक ठिकाणी सांगतात.

आणि हे सगळं थांबतं कसं?

शरीराच्या मानाने लिव्हर पुरेसं झालं की थांबतं. छोट्या कुत्र्याचं लिव्हर मोठ्या कुत्र्यात बसवलं तर ते मोठं होतं हे प्रयोगात दिसलंय, म्हणजे माप शरीर ठरवतं. टीजीएफ-बीटा वगैरे सिग्नल ब्रेक लावतात, हिप्पो नावाचा सिग्नलचा रस्ता वायएपी या वाढीला चालना देणाऱ्या प्रोटीनला परत आवरतो, बाइल ॲसिडचं प्रमाण पण सांगतं की आता पुरे. एनर्जीच्या भाषेत बघितलं तर पेशींची संख्या वाढली की प्रत्येकीच्या वाट्याचं रक्त आणि काम कमी होतं, एटीपी वर येतं, एएमपी उतरतं, आणि चरबीतून लिव्हरकडे येणारा फॅटी ॲसिडचा लोंढा पण ओसरतो.